‘नाही’ची नोंद: इंग्लंडच्या ऑर्गन डोनर रजिस्टरचा अनुभव

आधीच सांगते, माझं स्वतःचं नाव या अवयवदानाच्या रजिस्टरवर ‘हो’ म्हणून आहे. ही ‘नाही’ची नोंद केली ती सासूबाईंसाठी.

आई ७६ वर्षांच्या. सांगलीहून लेस्टरला येऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. देवळात कुणीतरी त्यांना सांगितलं, “आता इथे न विचारताच सगळं काढून घेतात.” तेव्हापासून रोज संध्याकाळी चहाबरोबर तोच विषय. तसं ते खरं नाही. २० मे २०२० पासून इंग्लंडमध्ये गृहीत होकाराचा कायदा आहे. प्रौढ माणसाने काहीच नोंदवलं नसेल तर मरणोत्तर अवयवदानाला त्याचा होकार धरतात, पण घरच्यांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाहीत. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. “मग माझं ‘नाही’ कुठे लिहायचं?” हा त्यांचा प्रश्न मात्र रास्त होता.

एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, साइटवर फॉर्म आहे. फुकट. नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल. दहा मिनिटंही लागली नाहीत, त्यातली चार चष्मा शोधण्यात गेली. नेट जमत नसेल तर फोनवरही नोंद करता येते.

घोटाळा मी करणार होते. आईंच्या पर्समध्ये जुनं डोनर कार्ड निघालं. म्हणजे कधीतरी ‘हो’ झालेलं होतं. मला वाटलं, रजिस्टरवरून नाव काढलं की काम झालं. तो पर्याय दाबणार एवढ्यात खालची ओळ वाचली: नाव काढलं तर तुमचा कोणताच निर्णय नोंदलेला राहत नाही. आणि निर्णय नाही म्हणजे पुन्हा गृहीत होकार! नकार द्यायचा असेल तर ‘दान करायचं नाही’ हेच नोंदवायचं. हे वाचणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

सगळ्यात आवडलं ते हे की फॉर्म ‘का?’ विचारत नाही. आईंनी कारण सांगितलं ते मला, तेही मी विचारलं नसताना. त्यांचे वडील अपघातात गेले, तेव्हा पोस्टमॉर्टेम करून देह घरी आणला. आंघोळ घालताना आईंनी छातीपासून पोटापर्यंतचे टाके पाहिले. “पोतं शिवतात ना गं, तसा दोरा. त्या टोकाला गाठसुद्धा नीट मारली नव्हती.” तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. आता त्यांना काय पटवायचं? मी पटवलं नाही.

त्यांची दुसरी भीती म्हणजे आपला देह मेडिकल कॉलेजात नेतील. त्याचा या रजिस्टरशी संबंध नाही. इथे देहदानाला गृहीत होकार चालतच नाही, स्वतः हयात असताना साक्षीदारासमोर लेखी संमती द्यावी लागते. म्हणजे त्या बाबतीत काहीच करायचं नव्हतं. हे ऐकून त्यांनी दुसरा कप चहा मागितला.

मन बदललं तर नोंद केव्हाही बदलता येते. आणि घरच्यांना आपला निर्णय सांगून ठेवा असं साइटच सुचवते, कारण वेळ आली की शेवटी त्यांच्याशीच बोलणं होतं. आम्ही नवऱ्याला आणि नणंदेला त्याच रात्री फोनवर सांगितलं. नणंद जरा वाद घालायला बघत होती, आईंनी फोन माझ्याकडे दिला.

माझ्याकडून पाचपैकी पाच.

नोंद झाल्याचा मेल मी छापून दिला. आईंनी त्याची घडी घालून कपाटातल्या इरकलीत ठेवली. ती कशासाठी राखलीय ते घरात सगळ्यांना माहीत आहे. जुनं कार्ड मी फाडायला घेतलं तर म्हणाल्या, “राहू दे. सही तेवढी माझी, बाकी अक्षर ह्यांचं आहे.” ते परत पर्समध्ये गेलं.