सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग: एका पालकाने केलेले परीक्षण

मुलांसाठी पुस्तक विकत घेतले की ते वाचून संपवण्याची जबाबदारीही त्याच्यासोबत घरात येते. ते कपाटात समोर दिसत राहते, आणि ‘एवढं हौसेनं आणलं, आणि चार पानं वाचून टाकून दिलंस?’ हे वाक्य कधी ना कधी मुलाच्या कानावर पडतेच. ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकाबाबत हा प्रश्न उद्भवत नाही. नाही आवडले, तर ते परत जाते आणि दुसरे येते. मुलांना वाचनाकडे वळवण्यात ग्रंथालयाचा सर्वांत मोठा वाटा कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी पुस्तकांच्या संख्येआधी या मोकळीकीचे नाव घेईन. आमच्या भागातील सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग आम्ही बऱ्याच काळापासून नियमाने वापरतो. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मुलगा चार वर्षांचा. नावडते पुस्तक निवडण्याची आणि ते बिनदिक्कत परत करण्याची मुभा मुलाला येथे किती सहज मिळते, या एकाच कसोटीवर हे परीक्षण लिहिले आहे.

सुरुवात मांडणीपासून करतो, कारण या विभागाचे निम्मे यश तिच्यातच आहे. मुक्तद्वार पद्धत असल्याने मुले थेट कपाटांपर्यंत जाऊ शकतात आणि पुस्तक हाताळून, चाळून, पुन्हा ठेवू शकतात. कपाटे मुलांच्या खांद्याच्या वर जात नाहीत. चित्रपुस्तके उभी खोचून ठेवण्याऐवजी उथळ लाकडी खोक्यांत मुखपृष्ठे समोर येतील अशी लावली आहेत, आणि हा बदल दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. ज्याला अजून अक्षरे लागत नाहीत, त्या चार वर्षांच्या मुलाला पुस्तकाच्या कण्यावरून काहीही कळत नाही. मुखपृष्ठे दिसू लागली की तो स्वतः निवड करू लागतो. आमचा मुलगा खोक्यासमोर गुडघ्यांवर बसून एकेक पुस्तक पुढे पाडत जातो, मध्येच एक उचलून मागचे पान पाहतो (पुढचे का नाही, ते त्यालाच ठाऊक) आणि मनाशी काहीतरी ठरवून ते बाजूला ठेवतो. ही निवड मोठ्यांच्या दृष्टीने अगदीच बिनबुडाची असते, पण ती त्याची असते.

मोठ्या मुलांच्या माहितीपर पुस्तकांना ड्यूई दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयानुसार आकडे देण्याची पद्धत, लावले आहे. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत मुलांना रुक्ष वाटेल अशी माझी समजूत होती; प्रत्यक्षात मुले आकडे पाठ करण्यात पटाईत असतात आणि आपल्या आवडीचा वर्गांक घराच्या पत्त्यासारखा लक्षात ठेवतात. डायनोसॉर ५६७ मध्ये, ग्रहतारे ५२३ मध्ये, जादूचे प्रयोग आणि कोडी ७९३ मध्ये, तर लोककथा ३९८ मध्ये, म्हणजे साहित्याच्या ८०० च्या वर्गात नसून चक्क समाजशास्त्रांच्या घरात. या शेवटच्या गोष्टीमुळे गोष्टींची पुस्तके शोधणाऱ्या पालकांची हमखास दिशाभूल होते. या ग्रंथालयाने त्यावर साधा तोडगा काढला आहे: लोककथांच्या खणावर मोठ्या अक्षरांतली पाटी आहे आणि साहित्याच्या कपाटावर तिकडे नेणारा बाण आहे. अशा दहा पाट्या आणखी लावल्या, तरी कमीच पडतील.

बालविभागात बसणाऱ्या ग्रंथपाल मॅडम ही या सेवेची सर्वांत जमेची बाजू आहे. नवीन मुलगा आला की बहुतेक मोठी माणसे त्याला ‘तुला काय आवडतं?’ असे विचारतात, आणि बहुतेक मुले त्यावर गप्प बसतात. मॅडम विचारतात, “शेवटचं कुठलं पुस्तक तू मध्येच सोडून दिलंस?” या प्रश्नावर मुलांची जीभ सैल होते. माझ्या मुलीने तेव्हा एका गाजलेल्या बालकादंबरीची तक्रार केली होती की तिच्यात पहिली वीस पाने नुसते घराचे वर्णन आहे आणि कोणीच काही बोलत नाही. मॅडमनी ते पुस्तक किती चांगले आहे हे पटवून देण्याचा जराही प्रयत्न केला नाही. त्यांनी पहिल्याच ओळीत संवाद सुरू होणारी तीन पुस्तके काढून टेबलावर ठेवली, “यातलं एक नाही आवडलं तर उद्या परत आण,” असे म्हणाल्या आणि दुसऱ्या कामाला लागल्या. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ ही दोन सूत्रे या विभागाच्या भिंतीवर चौकटीत टांगलेली आहेत. चौकटी बऱ्याच ठिकाणी असतात; त्यांच्याखाली बसून कोणी तसे वागत असल्याचे क्वचित आढळते.

देवघेवीचे नियम मात्र संमिश्र आहेत. मुलांच्या कार्डावर एका वेळी चार पुस्तके मिळतात, मुदत पंधरा दिवसांची असते आणि कोणी मागणी नोंदवलेली नसेल, तर नूतनीकरण करून मिळते. नावडत्या पुस्तकाला जागा ठेवायची, तर चार हा आकडा तोकडा आहे. चारातली दोन कंटाळवाणी निघाली की उरलेली दोन चार दिवसांत संपतात आणि मग पालकांना वेळ मिळेपर्यंत मूल रिकामे बसते; शिवाय चारच न्यायची आहेत म्हटल्यावर पालक निवडीत हात घालतात आणि त्यातली तीन ‘उपयुक्त’ असावीत असा आग्रह धरतात. दहा पुस्तके नेऊ दिली, तर त्यात एखादे निव्वळ विनोदांचे पुस्तक आले म्हणून कोणाच्या कपाळाला आठ्या पडणार नाहीत.

मुलांच्या कार्डावर विलंब शुल्क आकारले जात नाही, हे स्वागतार्ह आहे. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये विलंब शुल्क रद्द केले, तेव्हा रखडलेली पुस्तके मोठ्या प्रमाणावर परत आली होती. दंडाच्या धास्तीने पुस्तकाबरोबर वाचकही तोंड लपवतो, हे त्यावरून दिसते. पण जी सवलत उशिराला आहे, ती फाटलेल्या पानाला नाही. चित्रपुस्तकाचे एक पान फाटले, तरी पूर्ण किंमत वसूल केली जाते, आणि परिणाम व्हायचा तोच होतो: छोट्या मुलांचे पालक पुस्तक स्वतःच्या हातात धरून लांबूनच चित्रे दाखवतात. ज्या वयात पुस्तक हाताळायचे, त्याच वयात त्याला हात लावू न देणारा हा नियम आहे. जाड पुठ्ठ्याची पुस्तके तरी यातून वगळावीत, कारण ती हाताळून झिजण्यासाठीच बनवलेली असतात.

दर आठवड्याला होणारा गोष्टीचा तास चांगला असतो, फक्त गर्दी फार होते. मागे बसलेल्यांना चित्रे दिसत नाहीत.

सुट्टीतल्या वाचन मोहिमेबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. ग्रंथालयाने तिचा गाजावाजा बराच केला आणि माझे त्याबाबतचे मत प्रतिकूल आहे. भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावाचा तक्ता लावला जातो, वाचलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी एक चांदणी चिकटवली जाते आणि सर्वाधिक चांदण्या मिळवणाऱ्याला बक्षीस मिळते. मोहीम जाहीर झाली, तेव्हा माझी मुलगी एका जाडजूड कादंबरीच्या मध्यावर होती. ती तिने खूण घालून बाजूला ठेवली आणि सोळा-सोळा पानांची पुस्तके आणायला सुरुवात केली, कारण तक्त्यावर दोन्हींना एकच चांदणी होती. मुलांनी हिशेब अचूक मांडला. चुकीचा होता तो हिशेबाचा नियम. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ मधील प्रयोग या संदर्भात वाचण्यासारखा आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांपैकी ज्यांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिले, ती मुले पुढे आपणहून चित्रे काढण्यात कमी रमली. ज्यांना ते अचानक मिळाले किंवा मिळालेच नाही, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. हा प्रयोग चित्रकलेचा होता आणि तो वाचनाला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. मोहिमेमुळे एरवी कधी न फिरकलेली काही मुले ग्रंथालयाची पायरी चढली, हेही नाकारत नाही. तरीही जी मुले आधीपासून वाचत होती, त्यांचे वाचन पातळ झाले आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला चांदणी नसल्याने नावडते पुस्तकही रेटून संपवण्याची वेळ त्यांच्यावर आली. तक्ता ठेवायचाच असेल, तर त्यावर पुस्तकांच्या संख्येऐवजी वाचनात घालवलेला वेळ नोंदवावा आणि बक्षिसाची शर्यत काढून टाकावी.

कपाटांवरील वयाच्या पट्ट्यांबाबतही ग्रंथालयाने फेरविचार करावा. ‘वय ६ ते ८’ अशी पट्टी पाहून अडखळत वाचणारा दहा वर्षांचा मुलगा तिकडे फिरकत नाही, कारण वर्गमित्राने पाहिले तर काय, ही धास्ती पुस्तकाच्या ओढीपेक्षा मोठी असते. चित्रकथांचा विभाग पट्टीविना आहे आणि सर्व वयांची मुले तिथे दाटीवाटीने बसलेली असतात. यातून काय घ्यायचे ते व्यवस्थापनाने घ्यावे.

संग्रह एकंदरीत बरा आहे, परंतु जुन्या प्रती बाद करण्याकडे दुर्लक्ष झालेले दिसते. अंतराळावरील कपाटात अजूनही नऊ ग्रह सांगणारी पुस्तके आहेत. प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली ती २००६ मध्ये. माझ्या मुलीने ही चूक काउंटरवर नेऊन दाखवली, तेव्हा तिचे कौतुक झाले आणि पुस्तक पुन्हा त्याच कपाटात गेले.

शेवटचा मुद्दा सभासदत्वाच्या वयाचा. मुलांचे कार्ड सहा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते, त्यामुळे आमच्या मुलाची पुस्तके माझ्या कार्डावर जातात आणि मोठ्यांच्या कार्डाला विलंब शुल्काची सूट नाही. ग्रंथालय महासंघ इफ्ला आणि युनेस्को यांच्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्याच्या १९९४ च्या मसुद्यात मुलांमध्ये लहान वयापासून वाचनाची सवय रुजवणे हे ग्रंथालयाच्या कामांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. २०२२ च्या सुधारित मसुद्यात ही सवय जन्मापासूनच्या मुलांसाठी म्हटली आहे. वयाची अट काढावी आणि पुठ्ठ्याच्या पुस्तकांची नुकसानभरपाई माफ करावी, अशा दोन मागण्यांचा लेखी अर्ज काही पालकांनी मिळून दिला असून व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत तो ठेवू, असे उत्तर मिळाले आहे. तोवर लहान मुले असलेल्यांनी आपल्या कार्डावर का होईना, येथे जरूर यावे. शक्यतो गोष्टीच्या तासाचा दिवस टाळावा, म्हणजे खोक्यांसमोर बसायला जागा मिळते आणि मॅडमनाही बोलायला सवड असते.