दुनळी ठासणीची रायफल: चिंधीतली गोल गोळी की लांबट गोळी?

दुनळी ठासणीची रायफल नेमाला बसवायची म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न दारूचा असतो: किती ग्रेन (सुमारे पंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम)? पण तो खरा दुसरा प्रश्न. आधी नळीत काय ठासायचं ते ठरवावं लागतं. तेलकट चिंधीत बसवलेली गोल गोळी, की खाचांत चरबी भरलेली लांबट गोळी? हे ठरण्याआधी दारूचं माप कमी-जास्त करत बसण्यात दारू आणि शिसं दोन्ही वाया जातात. दोन्हींवर भरपूर काळी दारू जाळून झाल्यावर माझा कल एका बाजूला गेला आहे. तरी दुसरी बाजू टाकाऊ नाही, काही रायफलींना तीच लागू पडते.

आपल्या सातारा-सांगलीत शेतराखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक म्हणजे बहुधा एकनळी आणि बिनआट्यांची, आतून पीळदार खाचा नसलेली. त्यामुळे तिच्यावर हात बसलेल्या माणसालाही दुनळी रायफल सुरुवातीला चकवते. परवाना, दारूची खरेदी आणि गोळीबाराची जागा हे कायद्याप्रमाणे आहे असं धरूनच पुढचं लिहितो. शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्यापासून बंद आहे, तेव्हा इथलं सगळं कागदी लक्ष्यापुरतं. रायफल वडिलोपार्जित असेल तर आधी जाणकार कारागिराकडून निपल (ठिणगीची टोपी बसते ते टोक), नळीचं बूड बंद करणारा मागचा पेच आणि दोन नळ्यांमधली पट्टी तपासून घ्या. नळ्या दस्त्यापासून सोडवून दोरीला टांगायच्या आणि लाकडाने हलकेच ठोकायच्या. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर पट्टीचा डाख कुठेतरी सुटला आहे आणि अशा नळ्यांवर कुठलीच गोळी एका जागी पडणार नाही. दारू फक्त काळीच, बिनधुराच्या दारूची चिमूटही चालत नाही. खालचे आकडे ०.५४ इंची नव्या रायफलीचे आहेत. बनवणाऱ्याने कमाल माप कमी दिलं असेल तर त्याचंच ऐका.

निवड अर्धी-अधिक नळीचा पीळच करून टाकतो, म्हणजे आट्या किती इंचांत एक फेरा घेतात ते. ठासायच्या गजाच्या टोकाला घट्ट चिंधी लावून तो तळापर्यंत घाला, गजावर खडूने खूण करा आणि सावकाश ओढा. खूण पाव फेरा फिरेपर्यंत गज जितका बाहेर आला त्याची चौपट म्हणजे तुमचा पीळ. ६० इंचांच्या पुढे एक फेरा असेल तर गोल गोळी घ्यावी, चर्चेचं कारण नाही. २४ ते ३२ इंचांत एक फेरा असेल तर लांबट गोळीचं पारडं जड. घोटाळा ४८ इंची पिळाचा आहे, कारण तो दोन्ही चालवून घेतो. हा वाद जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी जॉन जेकब सिंधमध्ये याच फंदात पडला होता, आणि १८५८च्या सुमाराला त्याने ३२ बोअरची (एका पौंडात ३२ गोल गोळ्या बसतील एवढ्या घेराची), चार खोल आट्यांची दुनळी रायफल करून घेतली. तिच्या लांबट गोळीच्या अंगावर चार उभ्या कडा असत आणि त्या आट्यांत बसवूनच गोळी ठासायची. म्हणजे आट्यांतली पकड बार होताना गोळी फुगण्यावर सोडलेली नव्हती. ही पकडच पुढे महत्त्वाची ठरते.

आता दोघींची समोरासमोर गाठ. ०.५३५ इंची गोल गोळी शुद्ध शिशाची असेल तर वजन २३० ग्रेनच्या आसपास येतं, त्याच नळीची लांबट गोळी सहज ४०० ग्रेनवर जाते. एक किलो शिशात पहिल्या सुमारे ६५ निघतात, दुसऱ्या ३८. खर्चाचा फरक सोडून द्या, धक्क्याचा सोडू नका. उजवी नळी उडते तेव्हा बंदूक वर आणि उजवीकडे वळते, डावी उडते तेव्हा डावीकडे. गोळी अजून नळीत असतानाच हे वळणं सुरू झालेलं असतं, आणि बनवणारा तेवढी सूट धरूनच दोन्ही नळ्यांची तोंडं किंचित आत कलवतो. गोळी सावकाश निघाली तर नळीला वळायला जास्त वेळ मिळतो आणि दोन्ही नळ्यांचे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचे छिद्रांचे पुंजके, एकमेकांपासून फाकतात. फार जलद निघाली तर ग्रुप एकमेकांना ओलांडतात, उजवीची छिद्रं डावीकडे पडतात. दुनळी जुळवण्याचं सगळं तंत्र या एका गोष्टीवर उभं आहे.

जड लांबट गोळी तेवढ्याच दारूवर सावकाश निघते आणि धक्काही मोठा देते. म्हणून ती बहुतेक वेळा फाकते. ग्रुप जवळ आणायला दारू वाढवावी, तर खांद्याची आणि नळीची मर्यादा लवकर येते. गोल गोळीला खाली-वर करायला मोकळी जागा राहते. उलट, १०० मीटरवर गोल गोळीचा वेग इतका उतरलेला असतो की वाऱ्याची झुळूकही तिला बाजूला नेते. तिथे लांबट गोळी सरस, हे कबूल करावंच लागेल. ५० मीटरवर मात्र तिचा हा गुण वापरातच येत नाही.

शिशाचं बघा. लांबट गोळीला मऊ शिसं लागतंच. पोकळ बुडाची असेल तर तिचा घेर फुगून आट्यांत बसायला हवा, आणि कडक शिसं फुगत नाही. मिरजेच्या गॅरेजमधून मिळणारी चाकाच्या बॅलन्सिंगची वजनं अँटिमनीमुळे कडक असतात. बॅटरीचं शिसं तर दोन्हीसाठी वर्ज्य. ते वितळवताना निघणारे वायू जीवघेणे आहेत. जुन्या नळकांड्यांचं किंवा पत्र्याचं शिसं चांगलं. नखाने ओरखडा उठला पाहिजे. गोल गोळीही मऊच असावी, पण आट्यांना चिंधी धरत असल्याने शिशात थोडं उणं-अधिक झालं तर ती चालवून घेते.

चिंधी मांजरपाटाची, घट्ट विणीची. विट्याच्या मागावरचा कोरा कापड चालतो, पण खळ पूर्ण धुऊन काढायची. टेरिकॉटची भेसळ असेल तर ती नळीत वितळते. जाडी मायक्रोमीटरवर ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवा. वंगण म्हणून बिनमिठाची चरबी आणि मधमाशीचं मेण. महाबळेश्वरकडचं मेण उत्तम. यंत्राचं ग्रीस नको, त्याने डांबरासारखी किट्ट बसते. प्रमाण हवेवर ठरतं. जत-आटपाडीच्या एप्रिल-मेच्या उन्हात चरबी पातळ होऊन खाली दारूत उतरते, म्हणून तिथे मेण निम्मं तरी हवं. हा त्रास लांबट गोळीला जास्त, कारण तिच्या खाचांतली चरबी दारूच्या अगदी डोक्यावर बसते. मध्ये नमद्याची चकती घातली की सुटतो. त्याच कोरड्या हवेत गोल गोळीची पंचाईत वेगळी: काजळी वाळून कडक होते आणि दर बारानंतर पुसल्याशिवाय दुसरी गोळी उतरत नाही. लांबट गोळी स्वतःची चरबी घेऊन उतरते, तिला एवढं पुसावं लागत नाही. जावळी-पाटणच्या दमट हवेत काजळी मऊ राहते, पण नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुतली नाही तर सकाळी गंज दिसतो.

ठासायला लांबट गोळी सोपी. चिंधी नाही, गोळी तोंडात बसवायची आखूड ठोकणी नाही, गोळी तोंडावर ठेवली आणि गजाने खाली नेली. इथपर्यंत हिशेब जवळपास बरोबरीचा आहे.

बिघडतो तो दुसऱ्या बाराला. दोन्ही नळ्या भरलेल्या असतात, उजवी उडते, बंदूक झटक्याने मागे येते आणि डावीतली गोळी जागच्या जागी राहू पाहते. म्हणजे दारूवरून पुढे सरकते. लांबट गोळी बार होताना फुगते, त्याआधी तिला नळीत धरून ठेवणारं काहीच नसतं, चरबीचा चिकटपणा तेवढा, आणि उन्हाळ्यात तोही जातो. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली की नेम तर जातोच, पण त्या जागी नळीला कडं पडून ती फुगू शकते, फाटूही शकते. चिंधीतली गोळी कापडाच्या दाबाने दोन्ही अंगांनी घट्ट बसलेली असते, ती सहसा हलत नाही. चिंधी पातळ निवडली तर मात्र तीही सरकते, म्हणून जाडीचा आग्रह.

यात खरा उपद्रव असा की दोष दिसतो दारूचा आणि असतो सरकण्याचा. उजवीचा ग्रुप सुंदर, डावीचा वर-खाली विस्कटलेला. माणूस पाच ग्रेन वाढवतो, मग दहा कमी करतो, मग टोपी बदलतो, आणि डावी तशीच राहते. याची परख सोपी आहे. डावी एकटी भरून तीन बार करा. मग तीच डावी उजवीच्या मागून तीन वेळा उडवा, नळ्या दोन्ही वेळा सारख्याच थंड असताना. पहिला ग्रुप जुळला आणि दुसरा विस्कटला तर दारूला हात लावू नका. आणखी खात्री हवी तर दोन्ही नळ्या भरा, टोपी फक्त उजवीला लावा, उजवी उडवा. मग नळ्या वर आणि अंगापासून लांब धरून, हात-तोंड नळीच्या रेषेत न आणता, डावीत गज हलकेच सोडा. गजावर भरलेल्या नळीची खूण आधीच करून ठेवलेली असते. खूण वर राहिली तर गोळी तेवढी सरकली.

लांबट गोळीवर उपाय आहेत. साचा एखाद-दोन हजारांश इंचाने मोठा घ्यावा, वरचा पट्टा आट्यांत कोरला जाईल अशी मॅक्सी धाटणीची गोळी घ्यावी, किंवा गोळीवर नमद्याची घट्ट चकती ठासावी. तिन्ही थोडेफार लागू पडतात. पण मग ठासणं सोपं हा तिचा मोठा गुणच राहत नाही, आणि चकती घट्ट आहे की नाही हे प्रत्येक दुसऱ्या बाराआधी गज घालून बघावं लागतं. एकनळी रायफलीत हा प्रश्नच नसतो, म्हणून तिथले लांबट गोळीचे गोडवे दुनळीला जसेच्या तसे लावू नयेत. गोल गोळीकडे वळायला निदान मला तरी हे एवढं पुरेसं वाटलं.

गोल गोळीचा आणखी एक फायदा: उडालेली चिंधी दहा-पंधरा पावलांवर सापडते. ती धुमसत नाही ना, हे आधी बघा. मार्चनंतर वाळल्या कुसळाला आग लागायला ती पुरते. मधोमध जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी किंवा दारू जास्त. गोळीच्या कडेने गोल चिरली असेल तर नळीच्या तोंडाची धार मारायला हवी, किंवा गोळी एक नंबर लहान घ्यायला हवी. सगळीकडून विरली असेल तर कापड हलका. लांबट गोळी असा काहीच पुरावा मागे ठेवत नाही.

जुळवणी ५० मीटरवर करा. वाळूची पिशवी लाकडाखाली ठेवायची, नळीखाली नाही. दोन एफ (मध्यम दाण्याची) दारू ६० ग्रेनपासून, म्हणजे साधारण ३.९ ग्रॅम, आणि पाच-पाच ग्रेनने ८५ पर्यंत. माप भरल्यावर दर वेळी तेवढ्याच टिचक्या मारा. प्रत्येक मापाला तीन जोड्या: आधी उजवी, मग सारख्या अंतराने डावी. प्रत्येक जोडीनंतर नळ्या पुसा आणि हाताला थंड लागेपर्यंत थांबा, नाहीतर पट्टीला जोडलेल्या नळ्या तापून वेगळंच सांगू लागतात. छिद्रांशेजारी लगेच उ आणि डा लिहा. फाकत असतील तर दारू वाढवा, ओलांडत असतील तर कमी करा. उजवीचा ग्रुप जरासा उजवीकडे आणि दोन्ही केंद्रांत इंच-दीड इंच अंतर आलं की थांबा. एकट्या नळीचा सर्वांत लहान ग्रुप ज्या मापाला येतो ते माप दोघींना जुळेलच असं नाही, आणि दुनळीत मान जोडीला द्यायचा. जवळपास जुळल्यावर मगच चिंधीची जाडी बदलून बघा, पण एका वेळी एकच गोष्ट.

भरताना एक शिस्त सोडू नका. एकच नळी उडाली असेल तर ती पुन्हा भरण्याआधी दुसरीची टोपी काढायची. दारू नेहमी मापातून ओतायची, डब्यातून सरळ नळीत कधीच नाही, आत ठिणगी उरलेली असू शकते. ओतण्याआधी गज दोन्ही नळ्यांत घालून खूण बघायची, म्हणजे एका नळीत दोनदा आणि दुसरीत शून्य असं होत नाही.

तुमचा पीळ ३२ इंचांच्या आत असेल, किंवा १०० मीटरचंच लक्ष्य हवं असेल, तर लांबट गोळी घ्या. मॅक्सी धाटणीची, मऊ शिशाची, वर नमद्याची चकती आणि शक्य तितकी हलकी. दारू मात्र खालच्या मापापासूनच सुरू करा, आणि डावीचा गज बघायला विसरू नका.