प्लेस्टेशनच्या जुन्या डिस्क: इमेज करून आठ महिने खेळल्यानंतर

बेळगावचा पावसाळा सीडींना मानवत नाही. शहापुरातल्या आमच्या घरी लाकडी कपाटात पहिल्या प्लेस्टेशनच्या 14 डिस्क पडून होत्या, जहाजावर असलेल्या मामांनी युरोपातून आणलेल्या. गेल्या जूनमध्ये काढल्या तर तिघींवर बुरशीचे पांढरे ठिपके. त्याच आठवड्यात सेकंडहँड यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घेतला आणि एकेक डिस्क कॉम्प्युटरवर उतरवली, म्हणजे तिची फाईलरूपी प्रत (इमेज) केली. आता सगळे गेम डकस्टेशन या इम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर प्लेस्टेशनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर खेळतो.

सुरुवातीला आयएसओ प्रकारच्या इमेज केल्या, ती चूक. सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (डेटाच्या तुकड्यात) 2352 बाइट असतात, आयएसओत त्यातले 2048च येतात आणि ऑडिओ ट्रॅक तर येतच नाहीत. रिज रेसरमध्ये गाडी पळाली, पण संगीत गायब! हा गेम एकदा मेमरीत चढला की डिस्क काढून गाण्यांची सीडी घालता येते. ताई तेव्हा भावगीतं लावून शर्यत खेळायची. पण मूळ संगीत हवं तर आयएसओऐवजी बिन (डिस्कवरचा डेटा) आणि क्यू (कोणता ट्रॅक कुठे त्याची यादी) करा, आणि दोन्ही फाईली एकत्रच ठेवा.

शाळेत असताना एका दुकानातून कॉपी करून आणलेली सीडी मशीनने घेतलीच नव्हती. पैसे गेले ते गेलेच. कारण मला आत्ता समजलं: मूळ डिस्कच्या अगदी आतल्या कडेला डेटाची रेघ किंचित नागमोडी असते आणि त्या नागमोडीत एससीईई ही अक्षरं दडवलेली असतात. अमेरिकेच्या डिस्कवर एससीईए, जपानच्या एससीईआय. घरच्या रायटरला ते लिहिता येत नाही. इमेजमध्येही ते उतरत नाही, पण इम्युलेटरचं त्यावाचून अडत नाही.

अडतं ते लिबक्रिप्ट या कॉपी रोखणाऱ्या युक्तीमुळे. युरोपातल्या काही गेममध्ये मुद्दाम बिघडवलेल्या सबचॅनेलमध्ये (मुख्य डेटासोबतच्या पूरक माहितीत) 16 बिटची किल्ली लपवलेली असते. साध्या बिन फाईलमध्ये सबचॅनेल नसतो. स्पायरोचा तिसरा भाग लावला तेव्हा एसबीआय फाईल (त्या बिघडवलेल्या सबचॅनेलची नोंद) नाही म्हणून डकस्टेशनने बजावलं. माझ्या ड्राइव्हला तो भाग नीट वाचता येईना. शेवटी रीडम्प या डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावरून त्याच आवृत्तीची एसबीआय घेतली, बिनचंच नाव दिलं, शेजारी ठेवली आणि गेम सुरळीत चालला. पुढे जागा वाचवायला सगळं सीएचडी या दाबून लहान केलेल्या इमेजमध्ये बदललं, तरी एसबीआय वेगळीच ठेवावी लागते.

बुरशीच्या दोन डिस्क सुती कापडाने आतून बाहेर पुसल्यावर वाचल्या, चेकसमही (प्रत बरोबर आहे का ते ताडायचा आकडा) जुळला. तिसरी चार ठिकाणी अडते. त्याच गेमची दुसरी डिस्क खानापूरच्या मावसभावाकडे आहे. रविवारी ड्राइव्ह घेऊन जातोय.