पोटमाळ्याच्या जमिनीखाली झाकलेली फसवणूक

इंग्लंडमधील लेस्टर शहरात आमचे व्हिक्टोरियन काळातील, रांगेतले घर आहे. मुली मोठ्या झाल्यावर जागा अपुरी पडू लागली, म्हणून उतरत्या छपराखालच्या पोटमाळ्याची राहती खोली करून घेण्याचे, इकडच्या भाषेत 'लॉफ्ट कन्व्हर्जन'चे, काम आम्ही काढले. त्यात आमची जी फसवणूक झाली ती रंगात, खिडक्यांत किंवा जिन्यात नव्हती; ती जमिनीच्या फळ्यांखाली, तुळयांची टोके पेलणाऱ्या पत्र्याच्या आधारांत, म्हणजे जॉइस्ट हँगरमध्ये होती आणि म्हणूनच ती आम्हाला वेळेवर दिसली नाही.

अशा जुन्या घरांत पोटमाळ्यातील मूळच्या लाकडी तुळया फक्त खालच्या खोलीचे छत पेलण्यापुरत्या असतात. माणसे, पलंग आणि कपाटे यांचा भार त्यांच्यावर टाकता येत नाही. त्यामुळे आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने ४७ बाय १९५ मिलिमीटरच्या, सी-२४ या मजबुतीच्या प्रतीच्या लाकडाच्या नव्या तुळया ४०० मिलिमीटर अंतराने दाखवल्या होत्या. पोलादी तुळईच्या खाचेत घट्ट बसवलेल्या लाकडाला हँगर ठोकून त्यांत या तुळयांची टोके ठेवायची होती. हँगर कोणत्या जाडीचा, त्यात किती आणि कोणते खिळे, हेही नकाशावर लिहिलेले होते, आणि ठेकेदाराने दिलेल्या अंदाजपत्रकात 'नकाशाप्रमाणे' असे शब्द होते.

तुळया बसल्या त्या आठवड्यात मी कामानिमित्त बाहेरगावी होतो. ठेकेदाराने फोनवर सांगितले की बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे कौन्सिलच्या (नगरपालिकेच्या) बांधकाम तपासणी विभागाचा, निरीक्षक येऊन गेला, त्याने सर्व पसंत केले, आता जमिनीच्या चिपबोर्डच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) फळ्या टाकायच्या असल्याने पुढचा हप्ता आजच द्यावा. मी त्याच्या शब्दावर ६,५०० पौंड पाठवले. एक फोन कौन्सिलला केला असता, तर तशी तपासणी कोणी मागितलीच नव्हती हे तेव्हाच कळले असते.

दोन महिन्यांनी जिन्याच्या तोंडाशी जमीन पावलागणिक करकरू लागली आणि खालच्या छताला लांब तडा गेला. वायरिंगसाठी आलेल्या इलेक्ट्रिशियनने एक फळी उचलली, तेव्हा टॉर्चच्या उजेडात हँगरमध्ये काळे स्क्रू दिसले.

हे प्लास्टरबोर्डचे, म्हणजे छत-भिंतींना जिप्समचे तक्ते लावण्याचे, स्क्रू होते. ते कडक केलेल्या पोलादाचे असल्यामुळे ठिसूळ असतात. हँगरमध्ये भार त्यांच्या दांड्यावर आडवा येतो आणि ते न वाकता तुटतात. तिथे ३०×३.७५ मिलिमीटरचे, गॅल्वनाइज्ड, चौकोनी पिळाचे खिळे अपेक्षित होते आणि नकाशाप्रमाणे प्रत्येक भोक भरायचे होते. आमच्याकडे निम्मी भोके रिकामी होती. हँगरही नकाशातल्यापेक्षा पातळ पत्र्याचे होते. तुळईचे टोक आणि हँगरची पाठ यांत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नसावी, पण काही ठिकाणी माझे बोट सहज आत जात होते. जमिनीत जिन्यासाठी सोडलेल्या मोकळ्या चौकटीशी प्रकार सर्वांत गंभीर होता. तिथे कापलेल्या तुळयांचा भार एकत्र येतो, म्हणून दोन तुळया जोडून जाड तुळई केलेली असते आणि तिला तेवढ्याच रुंदीचा हँगर लागतो. ठेकेदाराने एकेरी हँगर वापरला होता. दोन तुळयांपैकी एकच त्यात बसलेली आणि दुसरी नुसती तिला खिळ्यांनी चिकटवलेली. त्या जिन्यावरून माझ्या मुली रोज शाळेला जात होत्या, हे आठवले की अजूनही मला अस्वस्थ व्हायला होते.

ज्यांचे काम सुरू व्हायचे आहे त्यांनी हँगर घरात आल्यावर त्यावर छापलेला प्रकार नकाशाशी पडताळून पाहावा. लाकडाला लावायचे हँगर आणि विटांच्या भिंतीत बसवायचे हँगर वेगवेगळे असतात; एकाच्या जागी दुसरा चालत नाही. खिळे कोणते वापरणार ते लेखी घ्यावे, फळ्या पडण्यापूर्वी प्रत्येक हँगरचे छायाचित्र काढावे आणि तपासणी झाली की नाही हे निरीक्षकाच्या कार्यालयाला स्वतः विचारावे. त्या टप्प्याचा हप्ता त्यानंतरच द्यावा, कारण बिल्डिंग कंट्रोलकडून आवश्यक ते काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले नाही तर घर विकतानाही अडचण येते.

आमची सगळी जमीन उखडून दुसऱ्या सुताराकडून काम पुन्हा करून घ्यावे लागले. या वेळी निरीक्षक आला तेव्हा मी घरी होतो, आणि जिन्याच्या चौकटीचे खिळे त्याने एकेक करून मोजले. पहिल्या ठेकेदाराविरुद्ध न्यायालयात दावा केला आहे. काढलेले हँगर, त्यांतल्या स्क्रूंसह, पुरावा म्हणून जपून ठेवले आहेत.