सात्सुमा घ्यावी की कुतानी?

जुनी जपानी फुलदाणी घ्यायची म्हटली की बहुतेकांचं घोडं जपानी भांडीकामाच्या याच दोन प्रकारांपाशी अडतं. माझ्याकडे दोन्ही आहेत. क्योतोत राहत असताना, तोजी देवळापाशी दर 21 तारखेला भरणाऱ्या बाजारात घेतलेल्या.

नुसतं चित्र बघाल तर सात्सुमा खाली ठेववत नाही. सायीच्या रंगाची झिलई, तिच्यात केसाहून बारीक चिरांचं जाळं, वर सोन्याचं रेखाटन. माझ्या फुलदाणीवर एका बाईच्या किमोनोवरची फुलं भिंगाशिवाय मोजता येत नाहीत.

पण ती उलटी करा. बुडाला वर्तुळात क्रूस, म्हणजे सात्सुमा प्रांतावर, आजच्या कागोशिमावर, राज्य करणाऱ्या शिमाझु घराण्याचं चिन्ह. तेवढं दाखवून विक्रेत्याने मला ‘अस्सल कागोशिमाची’ म्हणून सांगितलं आणि मी त्या भरवशावर पैसे मोजले. पुढे कळलं की 1867 च्या पॅरिस प्रदर्शनानंतर परदेशातून मागणी वाढली, तसे क्योतो, ओसाका, योकोहामातले कारखानेही असा माल रंगवू लागले आणि खाली तेच चिन्ह काढू लागले. माझी बहुधा क्योतोच्या आवाता भागातली असावी. घडवणारा कोण, ते गुलदस्त्यातच. हे मला फार लागलं. इतकं बारीक काम करणाऱ्याचं नाव कळू नये? याबू मेइझान किंवा किंकोझान अशा नामांकित सात्सुमा कारागिरांच्या नावाची मिळाली तर गोष्ट वेगळी, पण ती आपल्या खिशाला क्वचितच झेपते.

कुतानी कागा प्रांतातली, म्हणजे आजच्या इशिकावातली. तिच्या बुडाला बहुधा दोन जपानी अक्षरं असतात, ‘नऊ’ आणि ‘दरी’; मिळून ‘कुतानी’. आठवड्याभरात ओळखता येतात. खाली पुष्कळदा रंगवणाऱ्याचं नाव. माझ्या फुलदाणीवरचं लाल शाईतलं नाव शेजारच्या आजोबांनी चष्मा न लावता वाचलं. लाल-सोनेरी नक्षी थोडी दाटीची वाटेल, पण टिचकी मारली की खणखणते आणि पाणी घालून फुलं ठेवता येतात. सात्सुमाच्या चिरांत पाणी मुरून डाग पडतात.

अर्थात ती दोन अक्षरं आजच्या मालावरही असतात, तेव्हा त्यांवरून वय ठरवू नका. रोमन लिपीत ‘निप्पॉन’ (जपानचं जपानी नाव) दिसलं तर वस्तू बहुधा मालावर देशाचं नाव सक्तीचं करणाऱ्या अमेरिकेच्या 1890 च्या आयात कायद्यानंतरची. ‘जपान’ असेल तर बहुतेक वेळा 1921 नंतरची.

माझी सात्सुमा काचेच्या कपाटात आहे. पाहुण्यांच्या हातात मी कुतानी देतो, आणि बुडावरचं नाव वाचून दाखवतो.