छोटा गॅमा कॅमेरा: फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नका

उंदरांच्या स्पेक्टसाठी (भोवतीनं गॅमा किरण टिपून शरीरातल्या किरणोत्सारी औषधाचं त्रिमितीय चित्र काढणं) आमच्या लॅबनं तळहाताएवढा सीझेडटी (कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या अर्धवाहकाचा) गॅमा कॅमेरा घेतला. औषधातल्या टेक्नेशियम-९९एमच्या १४० केईव्ही ऊर्जेच्या गॅमा किरणांना एनर्जी रिझोल्यूशन (ऊर्जा मोजण्यातला पसारा, कमी तितका चांगला) ६ टक्क्यांच्या आत. जुन्या सोडियम आयोडाइडवाल्याचं १० च्या आसपास असायचं. स्कॅटर (वाटेत आपटून दिशा बदललेले किरण) मस्त गाळला जातो. पिनहोल (किरण आत सोडणारं बारीक भोक) जवळ आणलं की डेरेंझो फँटममधल्या (वेगवेगळ्या जाडीच्या सळ्यांचा चाचणी-नमुना) बारीक सळ्याही सुट्या दिसतात. पण भोक बारीक म्हणजे काउंट्स (टिपलेले किरण) कमी, त्यात टेक्नेशियम ६ तासांत निम्मं! स्कॅन रेंगाळतो. खरी डोकेदुखी फिरत्या स्टँडची: फिरण्याचं केंद्र जरा चुकलं की ठिपक्याची कडी होते. कंपनीचा माणूस स्थिर चित्रं दाखवून मोकळा झाला होता. तुम्ही मात्र बिंदुस्रोत (ठिपक्याएवढा किरणोत्सारी स्रोत) ठेवून पूर्ण ३६० अंश फिरवून दाखवायला लावा, मगच चेक फाडा.