स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचा डायपर सोडवायचाय: सुट्टी काढून की घड्याळ लावून?

जूनमध्ये शाळा सुरू होणार, शाळेने 'डायपर चालणार नाही' म्हणून बजावलेलं, अशा वेळी घरात दोन सल्ले हमखास येतात. चार दिवस सुट्टी काढा आणि डायपर बंदच करा. किंवा, ठरावीक वेळाने बसवत राहा, लागेल सवय.

पहिल्या पद्धतीचं मूळ अ‍ॅझरिन आणि फॉक्स या मानसशास्त्रज्ञांच्या १९७१ सालच्या कामात आहे. मुलाला नेहमीपेक्षा जास्त प्यायला द्यायचं, थोड्या थोड्या वेळाने बसवायचं आणि शू झाली की त्याच क्षणी आवडीची वस्तू हातात ठेवायची. दिवसभरात सराव खूप होतो, त्यामुळे फरक लवकर दिसतो. पण मूळ पद्धतीत चड्डी ओली झाली की स्वतःलाच पुसायला लावणं वगैरे शिक्षाही होत्या. त्या आज अजिबात करू नयेत. पाणीही बळजबरीने पाजू नका. फिट्स किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घड्याळाच्या पद्धतीत आधी आठवडाभर मूल कधी ओलं होतं ते लिहून ठेवायचं आणि त्या वेळेच्या थोडं आधी न्यायचं. समोर भिंतीवर चित्रं लावायची: चड्डी खाली, बसणं, पाणी, हात धुणं. आजी-आजोबांनाही हे झेपतं, नोकरीवाल्या घरातही बसतं. महिने मात्र लागतात. शिवाय कुणी नेलं नाही तर मूल जात नाही, ही मोठी अडचण. शू लागल्याची आतली जाणीवच अनेक स्वमग्न मुलांना नीट होत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी नेताना संडासाचं चित्र असलेलं कार्ड मुलाच्या हातात द्या, म्हणजे ते दाखवून त्याला स्वतः सांगता येईल, आणि पुढे हाक मारणं कमी करत जा.

माझं मत विचाराल तर बहुतेक घरांनी घड्याळापासून सुरुवात करावी. मूल दीड-दोन तास कोरडं राहत असेल, पाण्याच्या आवाजाला घाबरत नसेल आणि घरातली सगळी मोठी माणसं एकसारखं वागणार असतील, तरच सुट्टी काढा.

बद्धकोष्ठता असेल तर दोन्ही थांबवा. कडक शी दुखते, मग मूल ती दाबून धरतं, ती आणखी कडक होते. साचलेल्या शीचा दाब पडून शूही निसटते. आधी बालरोगतज्ज्ञांकडून यावर उपचार करून घ्या. हा मुद्दा घरोघरी सुटतो, आणि बोल मुलाला लागतो.

कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा स्टूल द्या, वर लहान मुलांची रिंग बसवा. भारतीय संडासात बसण्याची ढब शीसाठी चांगली, पण ज्याचा तोल जातो त्याला धरायला दांडा हवा. शी फक्त डायपरमध्येच करणारं मूल असेल तर डायपर एकदम हिसकावू नका. तो घालूनच संडासात उभं करा, मग डायपरसकट कमोडवर बसवा, नंतर पट्ट्या सैल करत न्या. रात्रीचा डायपर तूर्त राहू द्या.